मोटारीचा ब्रेक आणि त्याचा रंग



मोटारीचे जितके भाग आहेत, त्यांपैकीं बहुतेकांस रंग, चकाकी किंवा कापडाचें आवरण लाभतें. ब्रेकच्या वाट्यास फार काळ यांपैकीं कांहींच आलें नाहीं. तो चाकाच्या आड, धुळींत, चिखलांत आणि उष्णतेंत राहून आपलें काम करीत असे. आणि जोंपर्यंत तें काम बिनबोभाट चाले, तोंपर्यंत घरांतील कोणी त्याच्याकडे ढुंकूनहि पाहत नसे. गेल्या कांहीं वर्षांत ही स्थिति पालटली आहे. मोटारीचीं चाकें आतां मिश्रधातूचीं आणि रुंद फटींचीं झालीं. त्या फटींतून आंतील ब्रेक दिसूं लागला. आणि जी वस्तु दिसूं लागते, तिला सजविण्याची इच्छा मनुष्यास झाल्यावांचून राहत नाहीं. ब्रेकच्या जबड्यास, ज्याला कारागीर कॅलिपर म्हणतात त्यास, लाल, पिवळा किंवा निळा रंग देण्याची हौस म्हणूनच शहरोशहरीं दिसते.

या हौसेंत वावगें असें कांहीं नाहीं. परंतु ज्या यंत्रावर घरांतील लहानथोरांचे प्राण सोंपविलेले असतात, त्याला रंगाचा हात लावण्यापूर्वीं तें यंत्र काय करतें, त्याचा कोणता भाग रंग सोसतो आणि कोणता मुळींच सोसत नाहीं, हें समजून घेणें अगत्याचें आहे. आजच्या भाषणाचा विषय हाच आहे.

या चर्चेस छत्रपती संभाजीनगराइतकें योग्य शहर क्वचितच सांपडेल. २०२३ पूर्वीं औरंगाबाद या नांवानें ओळखलें जाणारें हें शहर हिमरूच्या विणकामामुळें आणि जवळच्या वेरूळ व अजिंठा येथील लेण्यांमुळें जगास ठाऊक होतेंच. गेल्या चाळीस वर्षांत त्याला आणखी एक ओळख मिळाली. १९८५ च्या सुमारास शहराच्या पश्चिमेस वाळूज येथें बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला, आणि त्याच्या मागोमाग सुटे भाग बनविणाऱ्या लहानमोठ्या कारखान्यांची वसाहत वाढली. त्याच सुमारास अॅल्युमिनियमच्या ओतीव कामापासून आरंभ करून पुढें एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज या नांवानें प्रसिद्धीस आलेल्या उद्योगाचें मुख्य ठाणें वाळूजलाच आहे. दुचाकीचे डिस्क ब्रेक हें त्याच्या उत्पादनांपैकीं एक होय. शहराच्या पूर्वेस, जालना रस्त्यावर, शेंद्रा येथें २००१ सालीं स्कोडा मोटारींची जोडणी सुरू झाली आणि पुढें तेथेंच ऑडीच्या मोटारीहि तयार होऊं लागल्या. हौसेची गोष्ट म्हणावी, तर ऑक्टोबर २०१० मध्यें येथील व्यावसायिक मंडळींनीं एकत्र येऊन एकदम १५० मर्सिडीज मोटारी खरेदी केल्या. त्यांची किंमत सुमारें ६५ कोटि रुपये होती, आणि त्या खरेदीची वार्ता देशभर पसरली. तात्पर्य, ब्रेक घडविणारे, ब्रेक वापरणारे आणि ब्रेक सजविणारे असे तीनहि वर्ग या एकाच शहरांत शेजारीं शेजारीं नांदत आहेत.

प्रथम ब्रेकच्या रचनेकडे पाहणें इष्ट होईल. सायकल चालविणाऱ्यास ती फारशी समजावून सांगावी लागत नाहीं. सायकलचा ब्रेक दाबला म्हणजे रबराचे दोन तुकडे दोहों बाजूंनीं चाकाची कड पकडतात आणि चाक थांबतें. मोटारींत चाकाच्या कडेऐवजीं चाकाबरोबर फिरणारी लोखंडाची एक जाड तबकडी असते, तीच डिस्क. तिच्या कडेवर, घोड्यावर खोगीर ठेवावें तसा, कॅलिपर बसविलेला असतो. त्याच्या पोटांत एक किंवा अधिक पिस्टन असतात आणि पिस्टनच्या पुढें घर्षणासाठीं बनविलेले पॅड. चालकाचा पाय पडला कीं ब्रेक ऑइलमधून दाब येतो, पिस्टन पुढें सरकतो आणि पॅड तबकडीस दोन्ही बाजूंनीं आवळतात.

पुष्कळशा घरगुती मोटारींत पिस्टन एकाच बाजूस असतो. तो आंतला पॅड तबकडीवर दाबतो, आणि त्याच्या प्रतिक्रियेनें सबंध जबडा दोन गुळगुळीत पिनांवरून सरकून बाहेरचा पॅडहि तबकडीवर ओढून घेतो. पाय उचलल्यावर पिस्टनला मागें आणणारी स्प्रिंग तेथें नसते. पिस्टनभोवतीं चौकोनी छेदाचें रबराचें कडें असतें. दाबाच्या वेळीं तें किंचित् पिळतें, आणि दाब सुटतांच मूळ रूपावर येतांना पिस्टनला केंसाएवढें मागें घेतें. ब्रेकची सारी नजाकत या केंसाएवढ्या अंतरांत आहे. जबडा पिनांवरून सहज सरकला पाहिजे, पॅड आपल्या खोबणींत सहज हलला पाहिजे, आणि रबराचें कडें मऊ राहिलें पाहिजे. या तिहींपैकीं एकहि गोष्ट बिघडली, तर पाय उचलल्यावरहि पॅड तबकडीस चिकटून राहतो. मग तबकडी तापते, पेट्रोल वायां जातें आणि ब्रेक लावतांच गाडी एका बाजूस ओढ घेते.

या ब्रेकची कल्पना जुनी आहे. बर्मिंगहॅमच्या फ्रेडरिक लँचेस्टर या अभियंत्यानें १९०२ सालीं तिचें पेटंट घेतलें. परंतु तिला मान्यता मिळण्यास अर्धें शतक जावें लागलें. १९५३ सालीं फ्रान्समधील ल मां येथील चोवीस तासांची शर्यत डिस्क ब्रेक लावलेल्या जॅग्वार मोटारीनें जिंकली, आणि १९५५ सालीं निघालेल्या सित्रोएन डीएस या मोटारीनें तो कुटुंबाच्या गाडींत आणला. त्याच्या यशाचें मुख्य कारण उष्णता हें होय. डबीसारख्या बंद ड्रम ब्रेकमध्यें उष्णता कोंडून राहते. उघड्या तबकडीवरून ती वाऱ्याबरोबर निघून जाते.

ही उष्णता किती, याचा अंदाज घरगुती मापानें घेतां येतो. बाराशें किलो वजनाची मोटार ताशीं ऐंशी किलोमीटर वेगानें चालली आहे असें समजावें. तिला थांबविणें म्हणजे तिच्या गतींत सांठलेली सर्व शक्ति उष्णतेंत पालटणें. ती शक्ति सुमारें तीन लाख ज्यूल भरते. साधारण तीस अंशांवरचें एक लिटर पाणी उकळीस आणण्यास जवळजवळ तेवढीच उष्णता लागते. म्हणजे स्वयंपाकघरांत शेगडीवर जें काम कित्येक मिनिटें चालतें, तें ब्रेकला कांहीं सेकंदांत करावें लागतें. आणि त्याचा मोठा वाटा पुढच्या दोन चाकांवर पडतो. तीच मोटार दोनशें मीटर उंचीचा घाट केवळ ब्रेकवर उतरूं लागली, तर आठ लिटर पाणी उकळवील इतकी उष्णता निर्माण होते. जोरकस वापरांत तबकडीचें उष्णतामान कित्येक शें अंशांवर जातें. जबडा तितका तापत नसला, तरी दाराखिडक्यांस लावण्याचा साधा तेलरंग त्यावर टिकेल अशी आशा करणें व्यर्थ आहे. तो प्रथम पिवळटतो, मग फुगतो आणि शेवटीं पापुद्र्यांनीं गळून पडतो.

मग रंग द्यावयाचाच कशासाठीं? याचीं दोन उत्तरें आहेत. पहिलें उत्तर शोभा. शर्यतीच्या व महागड्या मोटारींस ब्रेक पुरविणाऱ्या इटलीच्या ब्रेंबो कंपनीचे लाल जबडे जगभर प्रसिद्ध झाले. जर्मनीच्या पोर्शनें आपल्या सिरॅमिक तबकडीच्या ब्रेकसाठीं पिवळा रंग योजिला. अशा रीतीनें रंग हा ब्रेकच्या जातीची खूण झाला, आणि जेथें खूण आली तेथें तिची नक्कलहि आली. साध्या ब्रेकला लाल रंग दिल्यानें तो शर्यतीचा ब्रेक होत नाहीं. गाडी थांबण्यास लागणारें अंतर एका बोटानेंहि कमी होत नाहीं. ही गोष्ट उघड आहे, तरी ती मनांत ठसविणें जरूर आहे. कारण दिखाऊ सामर्थ्य पाहून वेग वाढविणारा चालक ज्या सामर्थ्यावर विसंबतो, तें तेथें नसतें. याहून वाईट म्हणजे जबड्यावर बसवावयाचीं रंगीत टोपणें. तीं उष्णता अडवितात, आणि सैल झालीं तर फिरत्या चाकाच्या आंत अडकण्याचा धोका असतो. रंगाची हौस असेल तर रंगच द्यावा. टोपणाच्या वाटेस जाऊं नये.

दुसरें उत्तर अधिक सबळ आहे. साध्या मोटारीचा जबडा बहुधा ओतीव लोखंडाचा असतो. लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आलीं कीं गंज ठरलेला. मराठवाड्याची हवा वर्षाचा बराच काळ कोरडी असल्यानें समुद्रकांठच्या मानानें येथें गंज सावकाश चढतो. पण पावसाळ्यांतील चिखल आणि गाडी धुतल्यावर सांध्यांत राहणारें पाणी आपलें काम करीतच असतें. जबड्याच्या अंगावरील तपकिरी थर बहुधा वरवरचा असतो. त्यानें ब्रेक निकामी होत नाहीं. परंतु तोच गंज पॅडच्या खोबणींत किंवा पिनांच्या तोंडाशीं शिरला, तर हालचाल अडखळते. योग्य रंगाचा पातळ थर लोखंडास या संकटापासून पुष्कळ अंशीं वांचवितो. गाडी धुतल्यावर तबकडीवर रात्रींतून जो तांबूस थर येतो, त्याची मात्र चिंता करूं नये. ब्रेक चारसहा वेळां लावतांच पॅड तो पुसून टाकतात. तबकडीच्या घर्षणाच्या पृष्ठास रंग देणें हा तर अविचारच होय.

आतां प्रत्यक्ष कृति. तिचा आरंभ रंगाच्या डब्यापासून होत नाहीं. सपाट, टणक जमिनीपासून होतो. गाडी उभी करून जें चाक उचलावयाचें नाहीं, त्याच्या पुढेंमागें लांकडाचे ठोकळे लावावे. हातब्रेक बहुधा मागच्या चाकांवर चालतो. तेव्हां मागचें चाक उचलतांना हातब्रेकवर भिस्त ठेवून चालत नाहीं. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतांनाच थोडे सैल करावे. गाडीबरोबर मिळणारा जॅक केवळ चाक बदलण्यापुरता असतो. गाडी उचलल्यावर ती लोखंडी स्टँडवर टेकवावी आणि मगच चाक काढावें. विटांच्या चवडीवर मोटार ठेवून तिच्याखालीं हात घालण्याची संवय प्राणघातक आहे. तसेंच गाडी नुकतीच चालवून आणलेली नसावी. तापलेला ब्रेक थंड होऊं द्यावा.

चाक निघालें कीं प्रथम हातांत ब्रश घेऊं नये. प्रथम डोळे उघडावे. पॅडचें घर्षणद्रव्य किती उरलें आहे? तें तीन मिलिमीटरांच्या आसपास आलें असेल, तर पॅड बदलण्याची वेळ झाली. आंतला आणि बाहेरचा पॅड सारखे झिजले आहेत काय? एक फार झिजून दुसरा जाड राहिला असेल, तर पिन अडकत आहे असें समजावें. पिस्टनवरील रबराचें आवरण फाटलें आहे काय? त्याच्या कडेस ओल दिसते काय? रबरी नळीला चिरा पडल्या आहेत काय? तबकडीवर खोल चरे किंवा तडे आहेत काय? यांपैकीं एकाचेंहि उत्तर शंकास्पद असेल, तर रंगाचें काम तेथेंच थांबवून गाडी जाणत्या कारागिराकडे न्यावी.

मग सफाई. पॅडची काळी धूळ हवेच्या झोतानें उडवूं नये. जुन्या पॅडांत अॅस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो, आणि नवी धूळहि फुप्फुसास हितकर नव्हे. ओल्या फडक्यानें ती टिपावी. आपल्याकडे गॅरेजमधून प्रत्येक वस्तु रॉकेल किंवा डिझेलनें धुण्याची रीत आहे. ब्रेकच्या बाबतींत ही रीत घातक ठरते, कारण ब्रेकचें रबर खनिज तेलाच्या स्पर्शानें फुगतें आणि बिघडतें. त्यासाठीं ब्रेक साफ करण्याचें म्हणून मिळणारें द्रव्य वापरावें. पुढें तारेच्या ब्रशानें सुटलेला गंज खरवडावा, पॉलिश पेपरानें पृष्ठ किंचित् खरबरीत करावें, आणि पुन्हा पुसून कोरडें करावें. हें करतांना ब्रश रबराच्या आवरणांस लागूं देऊं नये.

पृष्ठ खरबरीत कां करावयाचें, याचें उत्तर या जिल्ह्यांतील प्राचीन चित्रकारांस चांगलें ठाऊक होतें. अजिंठ्याच्या भिंतींवर रंग थेट दगडावर दिलेला नाहीं. छिन्नीनें खडबडीत ठेवलेल्या दगडावर माती, भुसा इत्यादींचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि मग चित्र, असा तो क्रम आहे. रंग ज्या भूमीवर बसावयाचा, ती भूमि सिद्ध करण्यास चित्राइतकेंच श्रम त्या लोकांनीं घेतले. लेण्यांतील चित्र आणि मोटारीचा जबडा यांची तुलना अर्थात् येथेंच संपते. पण तेलकट वा गंजलेल्या पृष्ठावर कोणताहि रंग टिकत नाहीं, हा नियम दोन्हीकडे एकच आहे.

यानंतरची पायरी सर्वांत महत्त्वाची. आणि ती रंग लावण्याची नसून रंग अडविण्याची आहे. चिकटपट्टी आणि कागद यांनीं पुढील जागा काळजीपूर्वक झांकाव्या. तबकडीचें घर्षणाचें पृष्ठ, कारण तेथें रंग लागला तर पहिल्या कांहीं वेळां ब्रेक नीट धरणार नाहीं. पॅड आणि त्यांच्या खोबणी, कारण तेथें रंगाचा थर चढला तर पॅड अडकेल. सरकत्या पिना आणि त्यांचीं रबरी आवरणें. पिस्टन आणि त्याचें आवरण. ब्रेकमधील हवा काढण्याचा लहान बोल्ट, कारण त्याचें छिद्र बुजलें तर पुढें तो उघडणें कठीण. चाकाचा वेग मोजणाऱ्या यंत्राची तार. आणि शेवटीं, चाक ज्या सपाट पृष्ठावर टेकतें तें पृष्ठ; कारण चाक व त्याची बैठक यांच्यामध्यें रंगाचा मऊ थर राहिला, तर तो पुढें दबतो आणि घट्ट केलेले नट सैल पडतात. ही यादी नीट पाहिली म्हणजे एक गोष्ट ध्यानीं येते. ब्रेकचें खरें काम ज्या ज्या ठिकाणीं चालतें, त्या प्रत्येक ठिकाणीं रंगास मज्जाव आहे. रंगाचा अधिकार केवळ त्या यंत्राच्या पाठीवर चालतो.

रंग कॅलिपरसाठींच बनविलेला, उच्च उष्णता सोसणारा असावा. तो फवाऱ्याच्या डब्यांत मिळतो, तसाच ब्रशानें लावण्याचा दोन द्रव्यांच्या मिश्रणाचाहि मिळतो. नवशिक्यास ब्रश अधिक सोयीचा, कारण फवारा जेथें नको तेथें हटकून जातो. एक जाड थर देण्यापेक्षां दोनतीन पातळ थर द्यावे, आणि प्रत्येक थरानंतर डब्यावर सांगितलेला वेळ थांबावें. वैशाखांतील दुपारीं उन्हानें तापलेल्या लोखंडावर रंग पसरण्यापूर्वींच वाळतो. श्रावणांतील दमट हवेंत तो ओल पोटांत घेऊन बसतो. म्हणून पावसाळा संपल्यावरचे, निवांत सावलीचे, थंड व कोरडे दिवस या कामास उत्तम. भट्टींत भाजून चढविण्याचा भुकटीचा रंग सर्वांत टिकाऊ खरा. परंतु त्यासाठीं जबडा पूर्ण सुटा करून त्यांतील सर्व रबर काढावें लागतें आणि पुढें नवें बसवावें लागतें. तें काम घराच्या अंगणांतलें नव्हे.

जबडा जागेवरून काढला, तर त्याला त्याच्या रबरी नळीवर लोंबकळत ठेवूं नये. तारेनें वर बांधावा. जबडा निघालेला असतांना कोणी ब्रेकवर पाय ठेविला, तर पिस्टन बाहेर येईल. म्हणून घरांतील मुलांस गाडींत बसूं देऊं नये. ज्या नव्या मोटारींत हातब्रेक विजेवर चालतो, त्यांच्या मागच्या जबड्यास तर ठराविक रीत जाणल्यावांचून हातच लावूं नये. ब्रेक ऑइलविषयींहि एक सूचना आहे. तें नांवाचेंच ऑइल. साधारण मोटारींत वापरलें जाणारें हें द्रव्य ग्लायकॉल जातीचें असतें आणि नव्या रंगावर सांडलें तर तो रंग विरघळवून टाकतें. शिवाय तें हवेंतील ओलावा शोषून घेतें. डॉट ४ या प्रतीचें ताजें द्रव्य किमान २३० अंशांवर उकळावें असा दंडक आहे. ओलावा शोषल्यावर ती मर्यादा १५५ अंशांपर्यंत उतरते. द्रव्य उकळलें म्हणजे त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पायाचा दाब त्या बुडबुड्यांतच जिरतो. रंग नवा आणि ऑइल अनेक वर्षांचें, अशी गाडी दिसावयास सुंदर पण वागावयास बेभरंवशाची असते.

सर्व जोडणी झाल्यावर चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमानें, गाडीच्या पुस्तकांत दिलेल्या मापानें, टॉर्क पान्यानें आवळावे. नंतर गाडी जागेवर उभी असतांनाच ब्रेक अनेकदां दाबून तो टणक लागतो कीं नाहीं तें पाहावें. हें विसरून गाडी रस्त्यावर नेली, तर पहिल्या वेळीं पाय तळाशीं जाण्याचा संभव असतो. मग मोकळ्या जागेंत हळू वेगानें परीक्षा घ्यावी. थोड्या अंतरानंतर नट पुन्हा तपासावे.

रंगाचा आणखी एक गुण आहे, आणि तोच त्याचा दोषहि होय. रंग जुन्या खुणा पुसून टाकतो. जबड्यावरील तपकिरी डाग, पिस्टनच्या कडेची ओलसर काळी रेघ, एका बाजूचा करपलेला रंग, या सर्व त्या यंत्राच्या साक्षी असतात. जाणता कारागीर त्या वाचून दोष कोठें आहे तें सांगतो. तपासणी न करतां दिलेला रंग या साक्षीदारांचीं तोंडें बंद करतो. याचेंहि एक उदाहरण अजिंठ्यालाच मिळतें. निजाम सरकारनें १९२० नंतर इटलीहून चेक्कोनी व ओर्सिनी या दोघां तज्ज्ञांस बोलावून तेथील चित्रांच्या रक्षणाचें काम करविलें. गिलावा पक्का करण्यांत त्यांचें साह्य मोठें झालें. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा थर पुढें पिवळा व काळपट पडला, आणि तो उतरविण्याचें नाजूक काम पुढच्या पिढ्यांस करावें लागलें. हेतु शुद्ध असला, तरी वरून दिलेला थर खालच्या सत्याचा मालक होऊन बसतो, तो असा. जुनी मोटार विकत घेणाऱ्यानें हें विशेषेंकरून ध्यानांत ठेवावें. नुकताच रंगविलेला ब्रेक पाहून खूष होण्यापेक्षां पॅडची जाडी, तबकडीची स्थिति आणि ऑइल केव्हां बदललें तें विचारावें.

या काळजीची किंमत सपाट रस्त्यावर कळत नाहीं. ती उतारावर कळते. संभाजीनगरचा गृहस्थ रविवारीं मुलांना घेऊन वेरूळला निघाला, तर दौलताबादच्या तटबंदीच्या वेशींतून गेलेला रस्ता त्याला खुलताबादच्या घाटावर नेतो, आणि संध्याकाळीं तोच घाट उतरून परतावयाचें असतें. खानदेशाकडे जाणाऱ्यास कन्नडच्या पुढें औट्रम घाट उतरावा लागतो. या घाटांतील वाहतूक इतकी बिकट झाली, कीं २०२३ सालीं उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या आदेशानें तेथें जड वाहनांस बंदी करावी लागली. अशा वळणांवर ब्रेकचा रंग कोणासहि दिसत नाहीं. तेथें चालकानें गाडी खालच्या गिअरमध्यें ठेवून उताराचा भार इंजिनावर द्यावा, ब्रेक सतत दाबून न धरतां गरजेपुरता लावावा, आणि करपल्याचा वास येऊं लागल्यास सुरक्षित जागीं थांबून ब्रेक आपोआप थंड होऊं द्यावा. तापलेल्या तबकडीवर पाणी ओतूं नये. एकाएकीं थंड झालेलें लोखंड वांकडें होतें किंवा तडकतें.

तेव्हां मोटारीच्या ब्रेकला रंग द्यावा कीं न द्यावा, या प्रश्नाचें उत्तर असें. ज्याला तो खुशाल द्यावयाचा असेल त्यानें द्यावा. लाल आवडत असेल तर लाल द्यावा. परंतु रंग हें निमित्त आणि निरीक्षण हें काम, हा क्रम उलटा होऊं देऊं नये. वर्षांतून एकदां रंगाच्या हौसेनें का होईना, चाक उतरलें, धूळ पुसली गेली, झिजलेला पॅड वेळेवर दिसला आणि अडकलेली पिन मोकळी झाली, तर त्या रंगाच्या डब्याची किंमत शतपटीनें वसूल झाली असें समजावें. आणि केवळ चाकाच्या फटींतून बोट घालून, न पाहतां, न उघडतां जो रंग चोपडला गेला, तो कितीहि तेजस्वी असला तरी त्यानें घरच्या माणसांच्या सुरक्षिततेंत कणाचीहि भर घातलेली नसते. वाळूजच्या कारखान्यांत ज्या कामगारांनीं असे ब्रेक सूक्ष्म मापांत घडविले, त्यांनीं आपली सारी कुशलता पाठीवर खर्च केली नाहीं. ती पिस्टनच्या वाटेंत, पिनेच्या भोंकांत आणि पॅडच्या खोबणींत ठेविली आहे. मालकानेंहि आपली नजर प्रथम तेथेंच ठेवावी. ब्रश मागाहून उचलावा.